दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड लावलं, मिळतात साडेतीनही नाहीत (बडोदा)

दांडियाबाजार_स्टुडिओ | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी नमस्कार. गणपती उठले, पितृपक्ष संपला की नवरात्र. माझं काम लग्नामुंजीच्या व्हिडिओचं, पण वर्षाची खरी कमाई गरब्याच्या नऊ रात्रींची. सहा कॅमेरे लावतो. मध्यरात्रीनंतर मैदानातून कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं घरी येतात आणि सकाळी दहाच्या आत आयोजकांच्या हातात पाच मिनिटांची क्लिप द्यावी लागते. त्यामुळे जी अडचण सांगतोय ती मला नवरात्राआधी सोडवायचीच आहे.

पुढच्या खोलीत एडिटिंगची दोन मशीन आहेत, मी आणि माझा भाचा बसतो. आतल्या खोलीत चौथ्या पिढीच्या इंटेलचं जुनं मशीन स्टोरेज म्हणून ठेवलंय, लिनक्सवर. त्यात चार सॅटा एसएसडी एकत्र जोडलेल्या, बॅकअप वेगळ्या डिस्कवर. आतापर्यंत सगळं साध्या गिगाबिटवर होतं, म्हणजे सेकंदाला फार तर ११० एमबी. प्रोरेस ४२२ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये फोर-के २५ फ्रेमला एका कॅमेऱ्याचे सेकंदाला ४९२ मेगाबिट होतात, आठ बिटांचा एक बाइट धरला तर साधारण ६१ एमबी. सहा कॅमेरे एकदम टाइमलाइनवर टाकले की ३७० एमबी, दोन्ही टेबलांचे मिळून ७४०. गिगाबिटवर ते शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही आधी हलक्या प्रती बनवायचो आणि त्यातच रात्रीचे दोन तास जायचे.

म्हणून वापरलेली दहा गिगाबिटची नेटवर्क कार्डं घेतली. स्टोरेजमध्ये दोन पोर्टचं इंटेल एक्स५२०, टेबलांवर एकेका पोर्टची. मध्ये स्विच नाही, तीन मीटरच्या डीएसी केबलनं (दोन्ही टोकांना प्लग असलेली तयार तांब्याची केबल) थेट जोडलंय. नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ३ लावलं तर ३.३ गिगाबिट. फाइल कॉपी केली तर ४०० एमबीच्या आसपास. दोन्ही टेबलांवरून एकदम चालवलं तर एकाला १.६, दुसऱ्याला १.७.

केबल बदलून पाहिली, तेच. ज्याच्याकडून कार्डं घेतली तो म्हणतो केबल हलक्या आहेत, नाहीतर मदरबोर्ड बदला. मदरबोर्ड म्हणजे प्रोसेसर आणि रॅमही आलीच. नवरात्राच्या तोंडावर एवढा खर्च मला झेपणार नाही. काय बघू?

---

सयाजी_विद्यार्थी | सोमवार, रात्री ११:५८

दादा, जंबो फ्रेम, म्हणजे नेटवर्कची मोठी पाकिटं, लावून बघितल्या का? एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) दोन्हीकडे ९००० करा. आमच्या लॅबमध्ये त्यानं फरक पडला होता.

---

दांडियाबाजार_स्टुडिओ | मंगळवार, रात्री १२:२०

आत्ताच केलं. ३.३ चे ३.४ झाले. त्याच्या वर हलत नाही, म्हणून एमटीयू परत पहिल्यासारखा केला.

---

रावपुरा_राऊटर | मंगळवार, सकाळी ८:०५

दादा, तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलंय. दोन्ही टेबलं एकदम चालवली तेव्हा १.६ आणि १.७ आले, बेरीज पुन्हा ३.३. दोन केबल वेगळ्या, दोन पोर्ट वेगळे, दोन टेबलं वेगळी. तरी बेरीज बदलली नाही. म्हणजे अडचण जिथे दोघं एकत्र येतात तिथे आहे, आणि ती जागा स्टोरेजच्या मशीनमध्ये आहे. केबल खराब असती तर एरर मोजणीत दिसलं असतं, आणि दोन केबल सारख्याच प्रमाणात खराब निघत नाहीत. आयपर्फ डिस्कला हात लावत नाही, या मशीनच्या मेमरीतून त्या मशीनच्या मेमरीत पाठवतो. त्यामुळे एसएसडीही निर्दोष. राहतं काय, तर कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातली वाट.

मी बावीस वर्षं एका मोठ्या कार्यालयाचं नेटवर्क सांभाळलं. तक्रार आली की लोक आधी केबल बदलतात, मग स्विच, मग कार्ड. कार्ड ज्या स्लॉटात बसलंय तो स्लॉट कुणी बघत नाही. ते मला नेहमी खटकायचं, कारण त्याला एक पैसा लागत नाही.

स्टोरेजच्या मशीनवर सुडो (अ‍ॅडमिनचा हक्क) लावून एलएसपीसीआय ही बसवलेल्या कार्डांची माहिती देणारी कमांड चालवा, पुढे दोन व्ही. तुमच्या नेटवर्क कार्डाखाली दोन ओळी शोधा. लिंक कॅपॅबिलिटीची ओळ म्हणजे कार्डाची ऐपत, लिंक स्टेटसची ओळ म्हणजे आत्ता खरोखर काय जुळलंय. दोन्ही इथे टाका. टेबलांवर विंडोज असेल तर पॉवरशेलमध्ये गेट-नेटअ‍ॅडॉप्टरहार्डवेअरइन्फो चालवा, तिथेही लिंकचा वेग आणि रुंदी दिसते.

---

दांडियाबाजार_स्टुडिओ | मंगळवार, सकाळी ९:३०

ताई, हे घ्या. ऐपतीच्या ओळीत: स्पीड ५ जीटी, विड्थ ८. स्टेटसच्या ओळीत: स्पीड ५ जीटी, विड्थ १, आणि विड्थच्या पुढे डाउनग्रेडेड.

एक म्हणजे एकच लेन? पण मी तर लांब स्लॉटात लावलंय! कार्ड त्यात नीट मावतं, उलट जागा उरते.

---

मांडवीचा_मिस्त्री | मंगळवार, दुपारी १:१५

भाऊ, सापडलं. रावपुऱ्याच्या ताईंनी नेमकी नस पकडली. जेवण आटोपून सविस्तर लिहितो, कारण हे नीट समजलं की पुढच्या वेळी कुणी तुम्हाला नवा मदरबोर्ड विकू शकणार नाही.

स्लॉटची लांबी म्हणजे फक्त प्लॅस्टिक. आत किती लेन, म्हणजे माल न्यायच्या-आणायच्या तारांच्या वाटा, खरोखर ओढल्यात ते वेगळं. लांब स्लॉट सोळा लेनचा दिसतो, आत चारच लेन असतात, कधी कधी एकच. कार्ड आणि स्लॉट सुरू होताना आपसात बोलतात आणि दोघांत ज्याची लेन कमी तेवढ्या लेन, दोघांत ज्याचा वेग कमी तो वेग, असं ठरवतात. तुमचं कार्ड आठ लेनचं, पण समोरून एकच हात पुढे आला.

आता हिशेब. पीसीआय एक्सप्रेस ही कार्ड मदरबोर्डला जोडायची पद्धत, आणि एक्स५२० हे तिच्या दुसऱ्या पिढीचं कार्ड. एका लेनवर सेकंदाला ५ अब्ज ठोके, तेच ते ५ जीटी. त्या पिढीत दर ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवतात, म्हणजे एका दिशेला लेनमागे ५०० एमबी, म्हणजेच ४ गिगाबिट. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात माल छोट्या पुड्यांत जातो. पुडीत बहुधा १२८ किंवा २५६ बाइट माल आणि वर वीस-पंचवीस बाइटचं वेष्टन. १२८ च्या पुड्या असतील तर सोळा टक्के वेष्टनातच गेले. ४ चे राहिले ३.३६. त्यातून कार्डाचे आणि ड्रायव्हरचे निरोप जातात ते वजा करा. तुमचे ३.३ आले की नाही? जंबो फ्रेमनं काही झालं नाही ते यामुळेच. तुम्ही नेटवर्कची पाकिटं मोठी केलीत, बसवरच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेवरच्या, पुड्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

आता लहरीपुरा दरवाजा डोळ्यांसमोर आणा. मांडवीकडून कितीही माणसं येऊ द्या, पलीकडे न्यायमंदिराचा रस्ता कितीही मोकळा असू द्या, कमानीतून जेवढी एका वेळी निघतील तेवढीच निघतात. तुम्ही कमानीच्या दोन्ही अंगांचे रस्ते रुंद केलेत. कमान तीच आहे.

मला हे विशेष कळवळून सांगावंसं वाटतं, कारण मी हा घोळ आधीच्या पिढीतही पाहिलाय. पीसीआय १९९२ ची. ३२ बिट रुंद, ३३ मेगाहर्ट्झ वेगाची. ३२ बिट म्हणजे ४ बाइट, गुणिले ३३, साधारण १३३ एमबी. त्याच्या आधीची आयएसए १६ बिट आणि साधारण ८ मेगाहर्ट्झची. १० मेगाबिटच्या नेटवर्कला सव्वा एमबी लागायचे, ते आयएसएवर आरामात चालायचं. १०० मेगाबिटला साडेबारा एमबी लागायला लागले आणि आयएसए दमली. मग पीसीआय आली, १०० मेगाबिटला ऐसपैस. पुढे गिगाबिट आलं. गिगाबिट म्हणजे जाताना १२५ एमबी आणि येतानाही १२५. पीसीआयवर जाणं-येणं एकाच तारांवर, आणि त्याच तारांवर इतर कार्डंही. आमच्याकडे गिऱ्हाईक गिगाबिट कार्ड घेऊन यायचं, पीसीआयच्या स्लॉटात बसवायचं आणि मग विचारायचं, काका, हजार लिहिलंय मग चारशे-पाचशेच का येतात? फाइल सर्व्हरवर तर आणखी वाईट. डिस्कचं कंट्रोलरही त्याच बसवर असेल तर तोच माल एकदा डिस्ककडून मेमरीत आणि मग मेमरीतून नेटवर्क कार्डात, एकाच तारांवरून दोनदा जायचा. १३३ चे अर्धे करा, त्यातून भांडणाचा वेळ काढा. ५० एमबी मिळाले तरी आम्ही खूश असायचो.

इंटेललाही ते कळलं होतं. २००३ मध्ये ८६५ आणि ८७५ चिपसेटमध्ये (मदरबोर्डवरचे सगळे भाग प्रोसेसरला जोडणाऱ्या चिपा) त्यांनी गिगाबिटसाठी पीसीआयला वगळून वेगळी वाट काढली, २६६ एमबीची. सर्व्हरवाल्यांनी बस रुंद केली आणि वेगही वाढवला. ६४ बिट ६६ मेगाहर्ट्झला ५३३ एमबी, पुढे पीसीआय-एक्समध्ये १३३ मेगाहर्ट्झला हजारावर. पण ६४ तारा शेजारी शेजारी धावताना सगळ्यांचा बिट एकाच क्षणी पोचावा लागतो. ठोका जितका जलद, तितकी तारांच्या लांबीतली बारीक तफावतही नडते. म्हणून रुंदी वाढवायचा मार्ग तिथेच अडला आणि २००३ मध्ये पीसीआय एक्सप्रेस आली. प्रत्येक लेन स्वतंत्र, आपापला ठोका घेऊन चालते, जायच्या तारा वेगळ्या, यायच्या वेगळ्या. लेन वाढवल्या तर रुंदी वाढते, पिढी बदलली तर वेग.

आता दोन कामं करा. मदरबोर्डच्या पुस्तिकेत त्या लांब स्लॉटचं पान उघडा. आणि शेजारच्या छोट्या स्लॉटात काही बसवलंय का बघा.

---

सयाजी_विद्यार्थी | मंगळवार, दुपारी ३:५०

काका, फारच छान समजावलंत. एक शंका. चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये वरचा मोठा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० असतो. तिथे कार्ड लावलं तर लेनचा वेग दुप्पट होणार ना? मग दोन-चार लेनमध्येच भागेल?

---

रावपुरा_राऊटर | मंगळवार, संध्या. ६:१०

नाही. काकांनी लिहिलंय तेच, दोघांत ज्याचा वेग कमी तो ठरतो. कार्ड दुसऱ्या पिढीचं आहे, ते पाचव्या पिढीच्या स्लॉटातही ५ जीटीवरच चालणार. जुनं सर्व्हरचं कार्ड घेताना हीच गोष्ट बघायची. वेग कार्डानं बांधलेला आहे, तेव्हा लेन पुऱ्या द्याव्याच लागतात.

एका लेनचे एका दिशेचे आकडे लक्षात ठेव. पहिली पिढी २५० एमबी, दुसरी ५००, तिसरी साधारण ९८५, चौथी १९७० च्या जवळ. तिसऱ्या पिढीत ठोका ५ वरून ८ वरच गेला, तरी वेग जवळजवळ दुप्पट झाला. कारण ८ ला १० ऐवजी १२८ ला १३० बिट असा हिशेब आला, वाया जाणारा पाचवा हिस्सा वाचला. मला हा बदल फार आवडतो. तारा त्याच, फक्त बांधणी शहाणी.

आता दादांचं गणित. एक पोर्ट दहा गिगाबिट म्हणजे १२५० एमबी. दोन पोर्ट २५००. दुसऱ्या पिढीच्या चार लेन म्हणजे २०००. एक पोर्ट पूर्ण धावेल, दोन्ही एकदम धावणार नाहीत. आठ लेन म्हणजे ४०००, तिथे दोन्ही धावतील. कार्ड बनवणाऱ्यांनी आठ लेन उगाच दिलेल्या नाहीत.

---

दांडियाबाजार_स्टुडिओ | मंगळवार, रात्री ११:०५

काका, ताई, मशीन उघडलं. जे पाहिलं ते सांगतो.

बॅटरी लावून लांब स्लॉटात बघितलं. बाहेरून दोन्ही लांब स्लॉट जुळे भाऊ. वरच्या स्लॉटात या टोकापासून त्या टोकापर्यंत पितळी दात. खालच्या स्लॉटात खाचेच्या अलीकडे थोडे, पलीकडे थोडे, आणि पुढे सगळं रिकामं प्लॅस्टिक. दहा वर्षं हे मशीन वापरतोय, कधी बघितलंच नव्हतं. बोर्डवर स्लॉटच्या शेजारी बारीक पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलंही होतं, धुळीखाली.

पुस्तिकेत असं आहे की खालचा लांब स्लॉट चिपसेटवरून येतो, जास्तीत जास्त चार लेन, दुसरी पिढी. आणि या लेन दोन छोट्या स्लॉटांबरोबर वाटून घेतल्यात. छोट्या स्लॉटात काही असेल तर लांब स्लॉट एका लेनवर उतरतो. माझ्या एका छोट्या स्लॉटात जुनं वायफायचं कार्ड होतं! या मशीनला वायफाय लागतच नाही.

ते काढलं, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, त्या स्लॉटाला चार लेन दिल्या. स्टेटस ओळीत आता विड्थ ४. आयपर्फ: एका टेबलावरून ९.४१ गिगाबिट. भाचा ओरडलाच. दोन्ही टेबलं एकदम: मिळून १३ च्या आसपास.

ताई, तुम्ही सांगितलं तसंच, अगदी तसंच झालं. एका वायफाय कार्डानं तीन आठवडे घालवले माझे.

---

मांडवीचा_मिस्त्री | बुधवार, सकाळी १०:२०

वा भाऊ. ९.४१ म्हणजे दहा गिगाबिटची तार पूर्ण भरली. उरलेलं पाकिटांच्या वेष्टनात जातं, साध्या गिगाबिटवर ९४१ मेगाबिट दिसतात ते त्याच कारणानं. तिथून पुढे शोधाशोध करू नका.

पण एक काम उरलंय. स्टोरेजच्या मशीनमध्ये वरच्या स्लॉटात काय आहे? ग्राफिक्स कार्ड असेल तर ते तिथे कशासाठी बसलंय?

---

दांडियाबाजार_स्टुडिओ | बुधवार, सकाळी १०:४५

हो, जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. हे मशीन आधी एडिटिंगचंच होतं. पण काका, चार लेनवर माझी गरज भागते ना? ७४० एमबी हवेत, १३ गिगाबिट म्हणजे सोळाशेच्या वर झाले. आणि दुसरी गोष्ट, एसएसडी चिपसेटवर, कार्डही चिपसेटवर. तुम्ही पीसीआयचं सांगितलं तसं एकच माल दोनदा एकाच वाटेनं जाईल, मग अर्धाच मिळेल का?

---

मांडवीचा_मिस्त्री | बुधवार, दुपारी २:००

शंका अगदी योग्य आहे. चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यामध्ये इंटेलची डीएमआय नावाची वाट असते. तुमच्या पिढीत ती डीएमआय २.०, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या चार लेनएवढी, एका दिशेला २००० एमबी. सॅटा, यूएसबी, खालचे स्लॉट, बोर्डावरचं नेटवर्क, सगळे तिच्याच जिवावर. पुढे २०१५ च्या सहाव्या पिढीत डीएमआय ३.० आली आणि ती जवळजवळ दुप्पट झाली.

पण इथे पीसीआयसारखं अर्धं होत नाही, आणि हेच समजून घेण्यासारखं आहे. फाइल वाचताना माल डिस्ककडून चिपसेटमार्गे वर मेमरीत चढतो आणि मेमरीतून खाली उतरून कार्डात जातो. चढायच्या तारा वेगळ्या, उतरायच्या वेगळ्या. दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. फाइल लिहिताना उलटं, कार्डाकडून चढतो, डिस्ककडे उतरतो. अडचण येते ती एकाच दिशेला दोघं धावले तर. म्हणजे भाचा फाइल वाचतोय, तुम्ही त्याच वेळी मैदानातून आलेली कार्डं स्टोरेजवर उतरवताय. मग चढायच्या वाटेवर डिस्कही आणि नेटवर्क कार्डही. तुमच्या घरी रात्री एक ते तीन नेमकं हेच होत असणार.

म्हणून म्हणतो, ग्राफिक्स कार्ड काढा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहेच, मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला लावा. त्याच्या जागी वरच्या स्लॉटात नेटवर्क कार्ड. तो स्लॉट थेट प्रोसेसरचा, आठही लेन मिळतील आणि डीएमआय फक्त डिस्कसाठी मोकळी राहील. खर्च शून्य. उलट वीज वाचेल.

---

कारेलीबाग_३०२ | बुधवार, दुपारी ४:३०

मधेच विचारते, माफ करा. आमच्याकडे ५०० मेगाबिटचं कनेक्शन आहे. मुलानं रास्पबेरी पाय ३बी प्लस या छोट्या कॉम्प्युटरचा राऊटर केलाय, त्यावर कधीच तीनशेच्या वर जात नाही. पायवर गिगाबिट लिहिलंय. आणि माझ्या जुन्या जी४१ बोर्डच्या पीसीत अडीच गिगाबिटचं कार्ड लावायचा त्याचा विचार आहे. पैसे घालू का?

---

रावपुरा_राऊटर | बुधवार, संध्या. ५:४०

ताई, माफी कसली, हे याच विषयातलं आहे.

३बी प्लस २०१८ चा. त्याचा गिगाबिट पोर्ट आतून यूएसबी २.० वर टांगलेला आहे. यूएसबी २.० म्हणजे ४८० मेगाबिट, आणि त्यावर जाणं-येणं आळीपाळीनं. बनवणाऱ्यांनीच कमाल ३०० सांगितलेत. मुलाचं काही चुकलेलं नाही. २०१९ च्या पाय ४ मध्ये गिगाबिट पोर्टला स्वतःची वाट आहे, तिथे पूर्ण मिळतो. यूएसबीचा डोंगल लावायचा झाल्यास निळ्या, म्हणजे ३.० च्या पोर्टलाच लावा. काळ्या पोर्टला लावलात तर पुन्हा तेच तीनशे.

जी४१ बोर्डाला अडीच गिगाबिटचं कार्ड घेऊ नका. ती कार्डं एका लेनची असतात आणि तो बोर्ड पहिल्या पिढीचा. लेनला २५० एमबी, कार्डाला हवेत ३१२. वेष्टन वजा केल्यावर दोन गिगाबिटच्याही खाली राहाल. मोठ्या स्लॉटात लावूनही उपयोग नाही. एका लेनचं कार्ड सोळा लेनच्या स्लॉटात बसतं, पण बोलतं एकाच लेनवर. ५०० मेगाबिटच्या कनेक्शनला साधं गिगाबिट पुरून उरतं.

---

सयाजी_विद्यार्थी | बुधवार, रात्री ९:१५

ताई, म्हणजे एमबी प्रति सेकंद जुळले की झालं? आमच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही छोटी पाकिटं पाठवून राऊटर तपासतोय. आठ लेनवर आहे, स्टेटस ओळ बरोबर आहे, तरी ६४ बाइटच्या पाकिटांना अर्धाही वेग येत नाही.

---

रावपुरा_राऊटर | बुधवार, रात्री १०:३०

नाही रे, एवढ्यानं होत नाही. ६४ बाइटची पाकिटं दहा गिगाबिटवर भरून पाठवली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पाकिटं होतात. १५०० बाइटची असतील तर सव्वाआठ लाखांच्या आतच. माल तेवढाच, पण प्रत्येक पाकिटामागे कार्ड आणि मेमरी यांच्यात एक नोंद वाचली जाते, एक लिहिली जाते, आणि त्या नोंदीही याच बसवरून जातात. माल ६४ बाइट, आणि त्याच्यासाठी धावपळ जवळजवळ तेवढीच. बस एमबीत कमी पडत नाही, फेऱ्यांत कमी पडते. आणि बहुतेक वेळा त्याही आधी प्रोसेसर दमतो. पाकिटामागे त्याला ६७ नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्यात मेमरीकडे एकदा जाऊन आलं की वेळ संपला.

म्हणून ड्रायव्हर नोंदी गठ्ठ्यानं पाठवतो, इंटरप्ट (कार्डानं प्रोसेसरला मारलेली हाक) एकत्र करतो, कार्डाच्या अनेक रांगा वेगवेगळ्या कोअरना वाटून देतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये रांगा किती आहेत आणि सगळ्यांचे इंटरप्ट एकाच कोअरवर तर पडत नाहीत ना, ते बघ. प्रोक फोल्डरातली इंटरप्ट्सची फाइल उघड, एकाच स्तंभातले आकडे पळताना दिसले तर तिथेच तुझं उत्तर. आणि अहवालात वेग लिहिताना पाकिटाचा आकार लिहायला विसरू नकोस. आकाराशिवाय आकड्याला अर्थ नाही. दादांच्या व्हिडिओला हा प्रश्न येत नाही, त्यांची पाकिटं मोठी असतात.

---

दांडियाबाजार_स्टुडिओ | गुरुवार, रात्री ११:५०

झालं! आकडे टाकतो.

ग्राफिक्स कार्ड काढलं, एक्स५२० वर. स्टेटस: ५ जीटी, विड्थ ८, डाउनग्रेडेड शब्द गेला. आयपर्फ दोन्ही टेबलांवरून एकदम: ९.४१ आणि ९.४१. खऱ्या फाइल वाचताना एकट्या टेबलाला १०८० एमबी, दोन्ही मिळून १५५० च्या आसपास. तिथे आता डिस्क आणि डीएमआय अडवतात हे मला कळतंय, काका, आणि ते चालेल. मला ७४० हवे होते.

मग खरी परीक्षा घेतली. गेल्या नवरात्रातल्या अष्टमीच्या रात्रीचे सहाही कॅमेरे, मूळ फाइल, हलक्या प्रती न करता दोन्ही टेबलांवर उघडल्या. भाच्यानं मधोमध प्ले दाबलं, मी पुढेमागे ओढत राहिलो, आणि तिसरीकडून जुन्या कार्डांवरचा माल स्टोरेजवर उतरवत ठेवला. सहाही चौकटीत गरबा फिरत राहिला, एकही फ्रेम अडकली नाही. दहा मिनिटं आम्ही काही न बोलता नुसतं बघत होतो. रात्रीचे ते दोन तास वाचले म्हणजे काय, ते घरच्यांना विचारा.

विद्यार्थी मित्रा, तुझेही आभार. काका, ताई, कधीही दांडिया बाजारात आलात तर चहा प्यायला यायचंच.

एक विचारायचं राहिलं. कार्डाच्या काळ्या हीटसिंकला हात लावला तर चटका बसतो. हे असंच असतं का?

---

मांडवीचा_मिस्त्री | शुक्रवार, सकाळी ९:००

असंच असतं, पण तसंच सोडू नका. हे सर्व्हरचं कार्ड आहे. सर्व्हरमध्ये समोरून मागे सतत जोराचा वारा वाहतो, त्या हिशेबानं हीटसिंक छोटा दिलेला असतो. तुमच्या डब्यात तेवढा वारा नाही, आणि वर ग्राफिक्स कार्डाचा पंखा होता तोही आता गेला. ४० मिलिमीटरचा छोटा पंखा हीटसिंकवर तोंड करून बसवा, झिप टायनं बांधला तरी चालेल. वायर बोर्डाच्या पंख्याच्या पिनांना. नवरात्रात मशीन रात्रभर चालणार, आणि आतल्या खोलीला खिडकी नसेल तर दार उघडं ठेवा.

---

दांडियाबाजार_स्टुडिओ | शुक्रवार, संध्या. ७:२५

बसवला. तासभर दोन्ही टेबलं चालवून हात ठेवून पाहिला, आता बोट ठेवता येतं. स्टेटस ओळ पुन्हा तपासली, विड्थ ८ च आहे.